दहाचा सायरन

समुद्राचं पाणी शहरात शिरलं तर कुणी कुठे जायचं, याचा आराखडा पालिकेने दोन वर्षं खपून तयार केला होता. किनाऱ्यालगतच्या जुन्या इमारती सायरन वाजल्यापासून अर्ध्या तासात रिकाम्या करायच्या आणि माणसं टेकडीवरच्या शाळेत न्यायची. ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांची वेगळी यादी होती. यादीत नाव असलं की दोन माणसं खुर्ची घेऊन दारात हजर होणार होती. फक्त अर्ज ज्याचा त्याने भरायचा आणि सहीही स्वतःच करायची, असा नियम होता.

हा नियम थोरलीनेच सुचवला होता. ती पालिकेच्या आपत्ती विभागात कामाला होती; घरातली मोठी मुलगी, म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी परस्पर कुणाला लुळंपांगळं ठरवू नये, एवढाच तिचा साधा हेतू. तो आता तिच्याच अंगाशी आला होता. तिची आई किनाऱ्यावरच्या अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची आणि काही केल्या सही करायची नाही.

"तीस वर्षं मी पेशंट उचललेत," आई म्हणायची. ती निवृत्त नर्स होती. "आता मला खुर्चीत घालून मिरवणूक काढणार होय?"

गुडघ्यांचा विषय निघाला की तिला ऐकू येणं बंद व्हायचं. समोरच्या दारातले शिंपीकाका त्याच मातीचे. आपण रोज सकाळी फिरायला जातो, असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांना फिरताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. सगळी इमारतच अशी. सत्तरी उलटलेली नऊ माणसं आणि एकूण अर्ज शून्य. थोरलीने हात टेकले.

मग रंगीत तालीम ठरली. रविवारी सकाळी दहाला सायरन वाजणार, अशी पाटी आठवडाभर आधीच प्रत्येक जिन्यात लागली. थोरली पालिकेच्या नियंत्रण कक्षात फोनवर बसली. दहा वाजले, सायरन वाजला. आई कुठल्या पायरीवर असेल, याचाच हिशेब डोक्यात चालू होता.

दहा वाजून अठरा मिनिटांनी शाळेतून फोन आला. किनाऱ्यावरची ती इमारत हजर, एकूण एक माणूस.

साहेब खूश झाले. "बघा, उगाच म्हातारे म्हणतो आपण त्यांना," ते म्हणाले. "तिथल्या खुर्च्या दुसरीकडे देऊन टाका."

पाठोपाठ मोबाइलवर फोटो आला. पहिल्या बाकावर आई बसली होती. केस चापूनचोपून बसवलेले, मांडीवर पिशवी, घामाचा टिपूस नाही. हातातला चहाचा पेला रिकामा होता आणि शेजारी शिंपीकाका तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. अठरा मिनिटांत तीन जिने उतरून, टेकडी चढून, चहा पिऊन झोप लागणारा माणूस थोरलीच्या पाहण्यात नव्हता. तिला हसू आलं आणि लगेच रागही आला.

दुपारी ती आईकडे गेली. "किती वाजता निघालात?"

"साडेआठ." आईने ताकास तूर लागू न द्यायचा प्रयत्नही केला नाही. "पाटी आम्हालाही वाचता येते. वाटेत पाच वेळा बसलो. काकांना तर टेकडीवर मी ओढलं."

"खरं पाणी पाटी लावून येणार नाही, आई."

"ते माहीत आहे गं." आईने सहज पिशवी खुंटीला अडकवली. "खऱ्या वेळेला तू येशीलच की."

हट्ट, अभिमान, गुडघे, सगळ्यांशी थोरली महिनाभर भांडत होती आणि आईचा खरा भरवसा मात्र तिच्यावर होता. तिला रडू फुटेलसं वाटलं.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "त्या वेळी मी फोनवर असेन. शहरातल्या सगळ्यांना बाहेर काढत असेन. तुझ्याकडे येता येणार नाही मला."

"दुसरं कुणी नाही बसू शकत?"

"नाही."

आई खुर्चीत बसली. बराच वेळ गुडघे चोळत राहिली. थोरलीसमोर तिने ते पहिल्यांदाच चोळले.

"तुला गोवर निघाला होता तेव्हा मी वॉर्डात होते," ती म्हणाली. "तीन दिवस. शेजारणीला सांगून गेले होते तुझ्याकडे बघायला." मग तिने हात पुढे केला. "आण तो कागद."

तिने चष्मा लावला, नाव लिहिलं, मजला लिहिला. मदत कशासाठी लागते, या रकान्यापाशी पेन थांबलं. गुडघेदुखी, दृष्टिदोष, हृदयविकार, अशी कारणं खाली छापलेली होती, त्यांपैकी एकावर खूण करायची होती. आईने कशावरच खूण केली नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत तिने नर्सच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: मुलगी ड्यूटीवर असते. मग तिने सही केली.

असं कारण नियमात बसत नव्हतं. थोरलीने अर्ज घेतला आणि खाली अधिकाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली.