उघडरावांची गाळलेली पायरी

आई बाबांना ‘उघडराव’ म्हणायची. दूध का उतू गेलं, पाहुणे का रुसले, मुलगी गणितात का नापास झाली, काहीही विचारा, बाबांचं उत्तर एकच: “उघड आहे!” पुढे स्पष्टीकरणाच्या नावाने बोंब.

मी जिथे काम करते तिथे जुन्या शोधनिबंधांतून गणिताच्या सिद्धता वेगळ्या काढून त्यांचा मोठा संग्रह बनवतात. संगणकाला गणित वाचायला शिकवायचं, त्यासाठी. ‘सिद्धता’ या शब्दापासून ती संपल्याची खूण म्हणून छापलेल्या छोट्या चौकोनापर्यंतचा मजकूर ठेवायचा, बाकीचं सगळं कापायचं. छापील पानाशी अक्षर न् अक्षर ताडून बघणं हे माझं काम. त्यासाठी गणित कळावं लागत नाही, हे माझं नशीबच म्हणायचं.

परवा पडद्यावर बाबांचा निबंध आला. त्यांनी आयुष्यात लिहिलेला एकुलता एक. पुढे नोकरीच्या रगाड्यात दुसरा झालाच नाही. बाबा जाऊन आता बराच काळ लोटलाय, तरी त्यांचं नाव असं अवचित समोर आलं आणि मी काम सोडून निबंध शेवटपर्यंत चाळला. शेवटी आभार होते: पत्नीचे, आणि मांडीवर बसून कागद चुरगळणाऱ्या मुलीचे. पण ते पडले चौकोनाच्या पलीकडे. नियम म्हणजे नियम. जड हाताने कापले.

तासाभरात तपासनीस बाईंनी सिद्धताच परत आणली. बाई डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या.

“हे बघ. आकृत्यांची संख्या विषम आहे, इथवर ठीक. आणि लगेच पुढच्या ओळीत, उलटवली तरी तशीच राहणारी एक तरी आकृती असतेच, उघड आहे! अगं, कशावरून? आपल्याकडे ‘उघड आहे’ चालत नाही. मधली पायरी भरायची, नाहीतर सिद्धता वगळायची. संध्याकाळी गठ्ठा बंद होतोय.”

“बाई, हे माझे बाबा.”

त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं. “मग तूच भर. पण मला पटली पाहिजे हं.”

आली का पंचाईत! मी पानाकडे बघत बसले. बाबांचा रागच आला. अहो, आणखी एक ओळ लिहिली असती तर शाई संपणार होती का? त्यांचं जगात उरलेलं एवढंच काम, आणि ते माझ्या हातून कचऱ्यात जाणार होतं.

विषम. विषम म्हणजे एक, तीन, पाच. तीन म्हटल्यावर आमचं फिरायला जाणं आठवलं. आईबाबा हातात हात घालून पुढे, मी मागे. एकदा मी भर रस्त्यात फतकल मारली. “माझा हात कोण धरणार?”

बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले. “आपण तिघं. दोघांची जोडी लागली की उरलेल्याने स्वतःचाच हात धरायचा. उघड आहे!” आणि माझे दोन्ही हात एकमेकांत गुंफून दिले.

“अहो उघडराव, लेकरू रडतंय,” आई म्हणाली. मग बाबांनी माझा हात तिच्या हातात दिला आणि स्वतः घरापर्यंत आपलाच हात धरून चालले. मी हसून हसून बेजार.

मी लिहिलं: ‘एक आकृती उलटवली की दुसरी मिळते, ती उलटवली की पुन्हा पहिली. म्हणजे प्रत्येकीची जोडीदार ठरलेली. संख्या विषम, म्हणून सगळ्या दोन-दोनच्या जोड्यांत बसत नाहीत. एक तरी उरतेच, आणि ती स्वतःचीच जोडीदार, म्हणजे उलटवूनही तीच.’

बाईंनी दोनदा वाचलं. “हं. आता उघड आहे,” म्हणाल्या आणि सिद्धता गठ्ठ्यात टाकली.

आभारांतून मी स्वतःला कापलं होतं, पण सिद्धतेत बाबांच्या दोन ओळींच्या मधे जाऊन बसले. आनंदात घरी निघाले. हे सांगायला आता घरी कोणी नाही, आई नाही, बाबा नाहीत. वाटेत त्यांची फार आठवण आली. कोपऱ्यावर वळताना लक्षात आलं, मी केव्हापासून माझाच हात धरून चालत होते.