तळाची रेघ नसलेला तक्ता

मी बोलतोय. इकडे, लेथच्या मागच्या भिंतीवर. चार कोपऱ्यांना चिकटपट्टी आणि अंगभर तेलाची बोटं घेऊन लटकलेला कागद, तो मी. लोक मला ड्रॉइंग म्हणतात. थकलोय हो आता, खोटं कशाला सांगू.

ड्रॉइंग म्हटलं की एका कागदावर एक वस्तू असं तुम्हाला वाटत असेल. माझं नशीब तसं नाही. माझ्यावर चित्र एकाच बुशचं, म्हणजे गिरणीचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीचं, आहे, पण संसार अख्ख्या खानदानाचा आहे. चित्रावर मापाच्या जागी नुसती अक्षरं आहेत. आतल्या भोकाला क, बाहेरच्या अंगाला ख, लांबीला ग. खाली तक्ता आहे आणि प्रत्येक बुशची त्यात एक ओळ. आपली ओळ शोधायची, क म्हणजे किती, ख म्हणजे किती ते बघायचं आणि लेथवर बसायचं. इतकं सोपं आहे. तरी एखादा शहाणा येतो आणि थेट माझ्या चित्रालाच पट्टी लावतो! अरे बाबा, ते चित्र कुणाच्याच मापाचं नाही. नुसती चेहरेपट्टी आहे ती.

कुमासी शहरातल्या या वर्कशॉपमध्ये मी जन्मलो. मालक द्वामेना, तोंडानं फटकळ माणूस. कसाव्याचे कंद किसायच्या आणि मका दळायच्या गिरण्यांचे बुश इथे निघतात. माझ्याआधी प्रत्येक बुशचा वेगळा कागद होता. एकदा तेलाची खाच जरा पुढे सरकवायची ठरली, तेव्हा चार कागदांवर सरकवली आणि पाचव्यावर राहून गेली. त्या पाचव्यानं किती गिऱ्हाइकांच्या गिरण्या कोरड्या घासल्या, विचारू नका.

मग द्वामेनाची भाची आली. अफ्राकोमा, बहिणीची मुलगी, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकलेली. आमच्याकडे मामाची गादी बहिणीच्या पोरांकडे जाते, त्यामुळे तिचं येणं सगळ्यांच्या डोळ्यावर आलं. तिनं पाची कागद टेबलावर पसरले आणि म्हणाली, "मामा, चेहरा सगळ्यांचा एकच आहे, फक्त अंगकाठी वेगळी. मग पाच कागद कशाला सांभाळायचे? खाच एकाच ठिकाणी बदलली की सगळ्यांची बदलेल."

"कर काय करायचं ते," मामा म्हणाले. "पण काम अडलं तर बघ." झाला माझा जन्म!

तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे आकडा होता, पण लेथवर काम करणाऱ्या टर्नर लोकांना आकडे गोड लागेनात. ओबिरी म्हणून जुना टर्नर आहे, त्यानं पोरांना देतात तशी जन्माच्या क्रमानं नावं दिली. पहिला पिएसी, दुसरा मानू, तिसरा मेन्सा, चौथा अनाने. पाचवा सगळ्यांत जाडा, तो शेंडेफळ, म्हणून काचिरे. गिऱ्हाइकंसुद्धा तसंच मागायला लागली. "दोन मेन्सा द्या, एक पिएसी द्या." नावं माझ्यावर कुणी लिहिली नाहीत, ती तोंडातच राहिली. ओबिरी वरून बोट ठेवून ओळी मोजायचा. तिसऱ्या ओळीवर जो काळा डाग आहे ना, तो त्याच्या बोटाचा.

बरी चालली होती माझी नोकरी. मग बाजारात नव्या घडणीची गिरणी आली आणि तिच्या शाफ्टला, म्हणजे फिरत्या दांड्याला, बसेल असा बुश आमच्यात नव्हता. मानूपेक्षा मोठा हवा आणि मेन्सापेक्षा बारीक. अफ्राकोमानं नवी ओळ घातली आणि मापं वाढत्या क्रमानं लावून टाकली. नवा बसला तिसऱ्या जागी. मेन्सा चौथ्यावर ढकलला गेला, त्याच्या खालचे आणखी खाली. आकडेसुद्धा नव्यानं पडले. तसाच छापून मला भिंतीवर डकवलं. सांगितलं कुणी कुणाला? कुणीच नाही.

दुसऱ्याच दिवशी पोकुआ मावशींचा निरोप आला की एक मेन्सा पाठवा. मावशींची कसाव्याची गिरणी आहे, किसून भाजलेला कसावा, म्हणजे गारी, त्या बाजारात विकतात आणि त्यांच्यापुढे कुणाची टाप नाही बोलायची. ओबिरीनं तिसरी ओळ मोजली, माप बघितलं, बुश काढला आणि पाठवून दिला.

दुपारी मावशी स्वतः आल्या. बुश बाकावर असा आपटला की मी भिंतीवर थरथरलो.

"हा घ्या तुमचा मेन्सा! माझा शाफ्ट आत शिरेना. सोललेल्या कसाव्याचा ढीग काळा पडायला लागलाय. उद्या बाजारात गारीऐवजी तुमची तोंडं विकू का?"

"मावशी, तिसरी ओळ म्हणजे मेन्सा," ओबिरी म्हणाला. "बोट ठेवून मोजली की!"

"तिसऱ्या ओळीवर आता नवा बुश आहे," अफ्राकोमा हळूच म्हणाली. "मेन्सा चौथ्यावर गेलाय. मापं चढत्या क्रमानं लावतात, मला तसंच शिकवलंय."

"वा, इंजिनीअरबाई! आणि आम्ही काय स्वप्नात बघायचं?" ओबिरी फणकारला.

मामांचा पारा चढला. "बंद कर तो कॉम्प्युटर! भिंतीवरचा कागद काढ. उद्यापासून जुनेच पाच कागद आणि हवा तर सहावा. पुरे झाली थेरं."

"तो कागद उतरला तर मीही इथे राहणार नाही," अफ्राकोमा म्हणाली. "तेमाला कारखान्यात जागा आहे. मी जाते तिकडे." माझा जीव टांगणीला लागला. चूक झाली होती, पण पुन्हा त्या पाच कागदांत जायचं? पुन्हा एकाची खाच राहून जाणार आणि पुन्हा गिरण्या घासणार.

ओबिरी तोवर खरा मेन्सा काढायला बसला होता. मावशी स्टुलावर बसून केंके, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा, खात होत्या. खाता खाताच म्हणाल्या, "मला एक सांगा, काल आलेलं पोर तिसरं कसं झालं?"

"आकारानं मधलं आहे म्हणून," अफ्राकोमा म्हणाली.

"माझा धाकटा सगळ्या भावांत उंच आहे. म्हणून त्याला थोरला म्हणू? घरात मेन्सा जेवायला बसलाय आणि त्याच्या ताटावर दुसऱ्याला बसवता! नवा आला तर त्यानं खाली बसावं, शेवटी."

अफ्राकोमा माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "खरंच. नवी ओळ नेहमी खाली. एकदा दिलेला आकडा पुन्हा कुणाला द्यायचाच नाही. मग जुनी कुठलीच ओळ हलणार नाही."

"खाली कुठे?" मामा अजून धुसफुसत होते. "खाली काचिरे बसलाय. शेंडेफळाच्या मागून कोण जन्माला येतं?"

"मी आले," अफ्राकोमा म्हणाली.

ती मामांकडे वळून पुढे बोलू लागली.

"दादाचं नाव काचिरे ठेवून झालं होतं. त्यानंतर मी. तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, दार लावून घेतलं होतंस ना, आता हे कोण आलं? आईनं सांगितलंय मला."

मामांनी कपाळावरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिले. मावशी खायच्या थांबल्या.

शेवटी ते माझ्याजवळ आले. काचिरेच्या ओळीखाली जी जाड रेघ होती, तक्ता संपल्याची, तिच्यावर बोट ठेवलं.

"ही कशाला ओढलीस?"

"तक्ता बंद करायला. ओढतातच."

"नको ओढूस. नव्याला खाली घे आणि ही रेघ काढून टाक." मग घसा खाकरून म्हणाले, "मी चुकलो होतो पोरी. तुझ्या आईपाशी हे कबूल करायचं राहूनच गेलं."

अफ्राकोमा रडली आणि रडत रडतच कॉम्प्युटरपाशी गेली. मावशी मेन्सा घेऊन घरी पळाल्या. संध्याकाळी मी नवा होऊन भिंतीवर आलो. सहाव्या बुशला ओबिरीनं अफ्राकोमा हे नाव दिलं. ती चिडली, पण तेच चाललं.

त्याला बरीच वर्षं झाली. मामा आता नाहीत. वर्कशॉप तीच चालवते. माझ्यावर पेनानं ओळीमागून ओळी आल्या, अक्षरं बारीक झाली, कोपरे कुजले. उद्या मला उतरवून ताजा कागद लावणार आहेत. वाईट नाही वाटत. फार बोटं सोसली.

बाहेरचे लोक येतात आणि हसतात. "बाई, तुमचा तक्ता खालून उघडाच राहिलाय की!" ती म्हणते, "राहू दे."

माझी एवढीच विनवणी आहे. चित्राला पट्टी लावू नका, तक्ता वाचा. आणि माझ्या जागी जो येईल, त्याच्याही खाली रेघ ओढू नका. कुणीतरी उशिरा येतंच, त्याला बसायला जागा असू द्या.