थांबलेलं मशीन

शिंपीणबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. "माझ्या दाराची कडी सरकारला विचारून उघडत नाही," हे त्या गिऱ्हाइकांदेखत सुनेला ऐकवायच्या. सून मान खाली घालून काजं करायची.

सरकारविरुद्ध पत्रकं छापली म्हणून पकडून नेलेली छापखानेवाली त्या आठवड्यात सुटून आली. तिच्याशी बोलेल त्याचीही चौकशी होते, अशी गल्लीत कुजबुज. हुकूम म्हणाल तर कुठेच लागला नव्हता. ती आणि शिंपीणबाई परकरात होत्या तेव्हापासूनच्या मैत्रिणी. एकीला ठेच लागली की दुसरी कळवळायची.

भर दुपारी दारावर थाप पडली. आधी दोन, मग नखाने एक टकटक. असं वाजवणारी जगात एकच होती.

शिंपीणबाईंचे पाय जागीच थिजले आणि मशीन थांबलं. सून उठायला लागली, तशी त्यांनी तिचं मनगट धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"अगं, मी आहे," बाहेरून आवाज आला. "कपडे अंगावर नुसते लोंबतायत. दोन बोटं आत घेशील का?"

शिंपीणबाईंनी सुनेचं मनगट सोडलं नाही.

"कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं गं मशीन. त्याच आवाजाने आले." मग ती जराशी हसली. "बरं. घरी नाहीस म्हणायचं. मशीनला सांग, मालकिणीच्या मागे इतकं राबू नये."

चपला फरफटत निघून गेल्या. पूर्वी ती टाच आपटत चालायची.

"आई, बोलावून आणू त्यांना?"

"गप बस. पोरंबाळं आहेत तुला."

भीती स्वतःची आणि पुढे केली पोरं, हे बोलता बोलताच त्यांना कळलं. सुनेने कडीची आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर द्यायला त्या जन्मात कधी कमी पडल्या नव्हत्या. ती नुसती बघत राहिली.

ती नजर सोसेना म्हणून शिंपीणबाईंनी मशीन सुरू केलं. खडखडाट खोलीभर झाला. कापड सरकत गेलं, त्यावर भोकांची रांग उमटत गेली. टाका एकही नाही.

"आई, दोरा तुटलाय मघाच."

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या, आणि पाय चालवत राहिल्या.