रिकामी झाले तो दिवस

मी एक जुनी बॅग आहे. वसतिगृहातल्या एका पलंगाखाली, भिंतीला टेकून पडलेली. अंगावर बोटभर धूळ साचली आहे आणि एका कोपऱ्यात कोळ्याने संसार थाटला आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. ही धूळ माझ्या वाट्याला फार वाट पाहून आली आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड कापड, दुहेरी शिवण, कोपऱ्यांना चामडं. मला शिवणारा कारागीर माझी चेन उघडून-मिटून बघत म्हणाला होता, "ही मालकाला पुरून उरेल." बोलणं जरा आगाऊ होतं, पण खोटं नव्हतं.

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. कामासाठी सतत फिरती. माझ्या पोटात पाने, पकडी आणि दोन-चार सदरे असत. कुठेही मुक्कामाला पोहोचले, की ते आधी मला रिकामं करत, सदरे खुंटीला लावत आणि म्हणत, "चला, आता आलो." एका रात्रीपुरतं राहायचं असलं तरी हा नेम कधी चुकला नाही.

पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, फिरती थांबली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. जुन्या गाद्यांखाली चेपून पडले. आता आपलं संपलं, असंच मी धरून चालले होते. मग एके दिवशी मला खाली काढलं. धाकट्या लेकीला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. त्या घरातून एवढं शिकायला निघालेली ती पहिलीच. आईने मला ओल्या फडक्याने पुसलं, बाबांनी चेनला मेण चोळलं. मी नुसती फुलून गेले.

खोलीत पोहोचल्यावर बाबांनी कपाट उघडून दिलं. "लाव बाई सामान."

"लावते नंतर," ती म्हणाली.

ते 'नंतर' काही उजाडेना. रोज सकाळी ती माझ्यातून एक कुर्ता काढी आणि धुतला की घडी घालून पुन्हा माझ्यातच ठेवी. कपाट रिकामंच. वर्गात शेवटचा बाक, जेवायला कोपऱ्यातलं टेबल. शिकवलेलं डोक्यावरून जाई आणि विचारायची तर चोरी. आईला फोनवर मात्र "मजेत आहे गं!" फोन ठेवला की कितीतरी वेळ माझ्या चेनशी चाळा करत बसायची. मला फार वाईट वाटे. तिच्या बाबांच्या हिशेबाने ती अजून आलीच नव्हती.

पहिल्या चाचणीत ती नापास झाली. त्या संध्याकाळी तिने पांघरूण, उशी, सगळंच माझ्यात कोंबलं. "उद्या घरी. कायमची," ती भिंतीला सांगावं तसं बोलली. चेन लागेना म्हणून माझ्यावर गुडघा रोवला. मी जमेल तेवढी अडून बसले, पण बॅगेचा हट्ट चालून चालून किती चालणार!

तेवढ्यात बाहेर कुणीतरी हुंदका दिला. शेजारच्या खोलीतली, तिच्याच वर्गातली मुलगी. एरवी भिंतीपलीकडून तिचं खिदळणं ऐकू यायचं आणि आमची धाकटी तिला वचकून असायची. तरी तिने दार उघडलं.

"काय झालं गं?"

"बाबांना दवाखान्यात नेलंय. मला आत्ता निघायचंय, आणि माझी बॅग फाटलीय. काही सुचतच नाहीये मला."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मग मला उचललं आणि सरळ पलंगावर उपडं केलं. कुर्ते, पुस्तकं, उशी, सगळा ढीग! "ही घे. जुनी आहे, पण दगा नाही देणार." तिनेच त्या मुलीचे कपडे माझ्यात भरले आणि तिला बसमध्ये बसवून दिलं.

मित्रांनो, त्या मुलीचे वडील वाचले नाहीत. त्या घरात मी बरेच दिवस एका कोपऱ्यात उभी होते. मला उघडायचं कुणाला सुचलंच नाही.

शेजारीण आणि मी परतलो तेव्हा धाकटीच्या खोलीत शिरताच मला कपाट दिसलं. भरलेलं! पलंगावर ढीग ठेवून झोपायचं कुठे, म्हणून धाकटीने सगळं कपाटात लावलं होतं. जायला बॅग नव्हती, म्हणून वर्गात गेली होती. शेजारणीचं बुडलेलं तिला समजावून द्यायचं, म्हणून पुढच्या बाकावर बसली होती. तिला समजवायचं तर आधी स्वतःला कळायला हवं, म्हणून हात वर करून प्रश्न विचारू लागली होती.

"त्या दिवशी तू कुठे निघाली होतीस?" शेजारणीने विचारलं.

"घरी. कायमची."

"मग? आता ही तुझी बॅग आली परत."

"तूही आलीस ना. बस आधी, पाणी पी."

शेजारीण माझ्यावरच बसली आणि पोटभर रडली. धाकटी तिचा हात धरून खाली बसून राहिली. पुढे वर्षभर त्या दोघींचा अभ्यास याच खोलीत झाला. आमची धाकटी चांगल्या गुणांनी पास झाली. आता भिंतीच्या अलीकडूनही खिदळणं ऐकू येतं.

परवा सुट्टी लागली. तिने मला पलंगाखालून ओढलं आणि माझा जीव टांगणीला लागला. पण ती फोनवर घरी सांगत होती, "बाबा, मोठी बॅग नाही आणत. दोन कपडे पिशवीत बसतात. परत यायचंच आहे ना!"

पलीकडे बाबा हसले. मग म्हणाले, "म्हणजे आलीस म्हणायची तू तिथे."

तिने मला पायाने पुन्हा आत सरकवलं. इतका गोड धक्का मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

तेव्हा मित्रांनो, नव्या जागी गेलात की आपली बॅग लवकर रिकामी करा. आणि शेजारी कुणाची बॅग भरलेलीच राहिलेली दिसली, तर त्यांचं दार वाजवा. माझी काळजी नको. मी इथे पलंगाखाली आहे, रिकामी.