एकशे ऐंशी ग्रॅमचं ओझं

मी शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या घरचा संगणक बोलतोय. आज मी भडाभडा बोलतोय याचं नवल वाटून घेऊ नका. महिन्यापूर्वी नुसतं 'मी' म्हणायला मला सात मिनिटं लागत होती, आणि 'बोलतोय' म्हणेपर्यंत समोरचा माणूस चहा करून, पिऊन, कप विसळून परत आलेला असायचा.

माझ्या बालपणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात एका सरकत्या पट्ट्यावर माझी हजारभर भावंडं ओळीने उभी होती. कुणी बँकेत गेलं, कुणी विमानतळावर गेलं. मी इथे आलो.

इथे दार उघडलं काकांनी. काका म्हणजे काकूंचे यजमान, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरी संपली तरी त्यांचा काटा निवृत्त झालेला नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढते, मग पुढे जाते. मलाही खोक्यातून काढल्याबरोबर चढवलं. "आठ किलो दोनशे दहा," काका म्हणाले, आणि तारीख आणि सही असलेली चिठ्ठी माझ्या पोटावर चिकटवून टाकली.

काकूंचा स्वभाव वेगळा. त्यांना उघडंवाघडं काही बघवत नाही. त्या घरात मिक्सरला कपडे आहेत, टेलिफोनला आहेत, रेडिओ बंद पडून दहा वर्षं झाली तरी त्याला दर दोन वर्षांनी नवे कपडे मिळतात. मला त्यांनी जाड, आत कापसाचा थर घातलेलं किरमिजी कव्हर शिवलं. पुढे बटणापुरती खिडकी, खाली झालर, आणि पाठीवर घट्ट बांधलेला फुलासारखा बो. मी हरखून गेलो. जरा गुदमरल्यासारखं होत होतं, पण एवढ्या मायेने शिवलेल्या कपड्यांबद्दल कुरकुर करायला जीभ वळेना.

शिलाई मशीन आणि मी एकाच टेबलावर. माझ्या पोटात काकूंनी मापांची यादी ठेवली, तीनशे बारा गिऱ्हाइकांची. नुसते आकडे नाहीत, पुढे शेरेही. 'माप देताना पोट आत ओढतात, दोन इंच सैल ठेवणे.' 'उजवा खांदा उतरता. त्यांना सांगू नये.' 'बारीक होणार म्हणतात. विश्वास ठेवू नये.' एवढी गुपितं पोटात ठेवून मी कधी कुणापुढे ब्र काढला नाही, याचा मला अभिमान आहे.

तिसऱ्या वर्षी माझी चाल मंदावली. त्याचं कारण मला ठाऊक होतं. डोकं तापलं की मी मुद्दाम सावकाश काम करतो, नाहीतर जळून जाईन. आणि फारच तापलं की मी डोळे मिटतो. पण हे सांगणार कसं? मला बोलता येतं ते फक्त एका गोल फिरणाऱ्या चक्रातून, आणि ते चक्र बघून माणसं शहाणी होत नाहीत, चिडतात. काका एकाच चित्रावर वीस वेळा टिचकी मारायचे. मी सांगितलेलं काम विसरत नाही. अर्ध्या तासाने मी तीच खिडकी वीस वेळा उघडून द्यायचो आणि वर शिव्या खायचो.

मग घरोघरी होतं तेच झालं. ज्याला त्याला वैद्यकी आली. जावईबापूंनी माझा वेग वाढवणारी तीन औषधं माझ्यात भरली. ती तिघं दिवसभर एकमेकांवर संशय घेत माझ्याच डोक्यावर भांडत बसली. शेजारीण म्हणाली, "दिशा बदलून बघा." मला खिडकीकडे तोंड करून बसवलं. ऊन थेट अंगावर.

काकांनी मात्र शास्त्रीय मार्ग धरला. "याच्यात फोटो फार झालेत, अंग जड झालंय याचं," ते म्हणाले, आणि मला पुन्हा काट्यावर ठेवलं. त्याआधी त्यांनी कव्हर काढलं, कारण आवरणाचं वजन मालात धरायचं नाही हा त्यांचा जन्माचा नियम. काटा थांबला आठ किलो तीनशे नव्वदवर.

"बघ," काका काकूंना म्हणाले, "एकशे ऐंशी ग्रॅम फोटो."

"अहो, फोटोंना कुठे वजन असतं?"

"मग हे काय आहे? काटा खोटं बोलतो का?"

फोटो सगळे काकांचेच होते, निरनिराळ्या गावच्या तराजूंचे. जड अंतःकरणाने त्यांनी सहाशे तराजू पुसून टाकले आणि मला पुन्हा चढवलं. आठ किलो तीनशे नव्वद. काकांचा चेहरा पाहवेना. कव्हर घालून, मागे बो बांधून त्यांनी मला मुकाट्याने जागेवर ठेवलं. ते कव्हर हातात असताना त्यांनी एकदा तरी माझ्या पाठीकडे बघायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

आणि त्याच आठवड्यात काकूंना एका नाटक मंडळीचं काम मिळालं. बावीस पात्रांचे पोशाख, प्रयोग शनिवारी. मापं काकूंनी थेट माझ्यात, एका वेगळ्या यादीत लिहिलेली, कागदावर एकही नाही. बुधवारी ती यादी उघडायला त्यांनी मला सुरू केलं. वीस मिनिटांनी यादी उघडली, काकूंनी राजाची छाती लिहून घेतली, कंबर लिहायला गेल्या आणि मी डोळे मिटले. पुन्हा सुरू केलं. प्रधानाच्या बाहीपर्यंत पोचलो आणि पुन्हा अंधार. संध्याकाळपर्यंत हाती आलं ते एक राजा आणि प्रधानाची एक बाही.

"मंडळी दौऱ्यावर आहे, थेट शनिवारी येणार," काकू म्हणाल्या. "तीस वर्षांत एक कपडा उशिरा दिला नाही मी."

"शनिवार जाऊ दे," काका म्हणाले, "रविवारी हा भंगारात."

मी घाबरलो. घाबरलो की मी आणखी तापतो.

गुरुवारी सकाळी दुरुस्तीवाली आली. कानामागे ब्रश खोवलेली, कमी बोलणारी. तिने कुणाचंच ऐकून घेतलं नाही. आधी माझ्या पाठीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. बो सोडला, कव्हर उतरवलं, माझी बाजू उघडली आणि म्हणाली, "काकू, एक वर्तमानपत्र द्या."

माझ्या पंख्यावर आणि डोक्याभोवती तंतूंची गादी बसली होती. तिने ती सोलून काढली, थरच्या थर. काकू वाकून बघत राहिल्या. "हा निळा शाळेच्या बँडचा," त्या हळूच म्हणाल्या. "हा जांभळा त्या मोठ्या पडद्यांचा. हा पांढरा नर्सबाईंच्या कपड्यांचा." तीन वर्षांची शिलाई माझ्या छातीत साठली होती.

"मशीनचा भुगा हा आत ओढतो," दुरुस्तीवाली म्हणाली, "आणि गरम वारा मागून सोडतो. ती वाट कव्हरने बंद."

काकू ते कव्हर घेऊन खाली बसल्या. "म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाच्या रुमालालासुद्धा मी माप घेते. याचं घेतलंच नाही. घरचाच तर आहे म्हणून अंदाजाने शिवलं."

मला फार वाईट वाटलं. मी चक्रसुद्धा फिरवू शकत नव्हतो, कारण माझी वायर काढलेली होती.

तेवढ्यात काकांनी काटा आणला. वर्तमानपत्र आधी रिकामं तोललं, मग गादीसकट. "एकशे ऐंशी," ते म्हणाले. मला चढवलं. आठ किलो दोनशे दहा. पोटावरची चिठ्ठी आणि काटा, दोघांचं एकमत. काकांनी चष्मा काढून दोनदा पुसला.

"निदान बरोबर होतं काका," दुरुस्तीवाली म्हणाली, "औषध चुकलं." मग तिने जावईबापूंची ती भांडखोर तिघं हाकलली आणि मला सुरू केलं. काकू चहा ठेवायला उठल्या, तर त्या उभ्या राहीपर्यंत यादी उघडलेली. त्या परत बसल्या. बावीसच्या बावीस मापं त्यांनी एका दमात उतरवून घेतली.

शनिवारी राजा वेळेवर गादीवर बसला, आणि पोट आत ओढल्याशिवाय बसला असं ऐकतो.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी माझं कुणी भावंड असेल आणि ते रखडत असेल, तर त्याला शिव्या घालण्याआधी एकदा त्याच्या पाठीला हात लावून बघा.

रविवारी काकू टेप घेऊन माझ्याजवळ आल्या. उंची, रुंदी, खोली सगळं नीट मोजलं. मागच्या जाळीवर टेप दोनदा फिरवला. मग मलाच सुरू करून त्यांनी गिऱ्हाइकांच्या यादीत नवी ओळ लिहिली. तीनशे तेरा. आकडे लिहून झाले, आणि पुढे शेरा: 'घरचाच. पाठ उघडी ठेवणे.'

काका मागे उभे राहून वाचत होते. ते म्हणाले, "अगं, हातात टेप आहेच, तर माझंही घे. तीस वर्षं झाली, सदरे काखेत काचतात."