लपीचा भाऊ

लपीनं खाणं सोडलं त्याला तिसरा दिवस उजाडला, तेव्हा कवळीवाल्याचं कामातून लक्ष पार उडालं.

घराच्या पुढच्या खोलीत त्याची कार्यशाळा होती. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, तो प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि कवळी घासून गुळगुळीत करून द्यायचा. गल्लीतलं कुणी चेष्टेनं ‘दातपाडे’ म्हणालं की तो न चुकता सांगायचा, “पाडणारे वेगळे. मी बसवणारा.” दीड वर्ष झालं, ही चेष्टा कुणी केली नव्हती. दीड वर्षापूर्वी त्याची मुलगी गेली, तेवीस वर्षांची, एकुलती एक. तेव्हापासून लोक त्याच्याशी आवाज खाली आणून बोलायचे.

त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. सगळी शाळा तिला बाई म्हणायची, म्हणून तोही कौतुकानं बाईच म्हणायचा. मुलगी गेल्यावर बाई रजेवर गेल्या त्या परत रुजू झाल्याच नाहीत. सकाळी उठायच्या, आंघोळ करायच्या, आणि मग दिवसाचं काय करायचं ते त्यांना सुचत नसे. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या सोडवून आणलेल्या मांजरांच्या निवाऱ्यात गेल्या. एका ट्रकच्या इंजिनात सापडलेली दोन पिल्लं तिथे होती, बहीण-भाऊ. भावाला आधीच कुणी तरी ठरवून ठेवलं होतं. बहीण पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसली होती. “हिला कोण नेणार,” म्हणाल्या आणि घेऊन आल्या.

त्याला चार महिने झाले. ती कपाटामागे गेली आणि तिथेच राहिली, म्हणून तिचं नाव लपी पडलं. दुपारी बाई फरशीवर, कपाटाला पाठ लावून बसायच्या. महिनाभरानं एक नाक बाहेर आलं, मग दोन डोळे. एके दिवशी बाई कार्यशाळेच्या दारात येऊन म्हणाल्या, “अहो, तिनं माझ्या बोटाला कपाळ घासलं.” वर्षभरात त्या आपणहून काही सांगायला आल्या, अशी ती पहिलीच वेळ. त्या दिवशी कवळीवाला पाठ फिरवून बराच वेळ कवळ्या घासायचं चाक नुसतंच फिरवत बसला होता.

आणि आता ती लपी काहीच खात नव्हती. शेजारी भिंत फोडायचं काम निघालं होतं, दिवसभर हातोडे चालायचे. दोघांना वाटलं, आवाजानं बिथरली असेल. पण आवाज थांबला तरी ताटली होती तशीच.

प्राण्यांची डॉक्टर तरुण होती, बोलायला तुटक. तिनं लपीचं पोट चाचपलं, ताप बघितला. “मांजराला माणसासारखा उपास झेपत नाही. चार-पाच दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृत बसतं. पातळ करून पिचकारीनं भरवा. दर तीन तासांनी. वेळ चुकवू नका.”

दर तीन तासांनी, हे ऐकून बाईंचा चेहरा कसा झाला ते त्यानं पाहिलं. मुलीच्या आजारपणात त्यांच्या घराच्या भिंतीवर असाच वेळांचा कागद होता.

पहिल्यांदा भरवताना लपीनं सगळं बाहेर काढलं. दुसऱ्यांदा चावली. बाईंच्या अंगठ्यातून रक्त आलं, त्यांनी ते पदराला पुसलं आणि पुन्हा पिचकारी भरली. तो म्हणाला, “मी धरतो.” बाई म्हणाल्या, “तुमचे हात मोठे आहेत. भिते ती.”

त्याच दुपारी निवाऱ्यातून फोन आला. निवारा ज्या चालवत, त्यांना सगळे मावशी म्हणत. “तुमच्या लपीचा भाऊ परत आलाय,” मावशी म्हणाल्या. “त्या घरच्यांनी रक्त तपासून घेतलं, विषाणू निघाला. माणसाला काही होत नाही, पण मांजराकडून मांजराला लागतो, लाळेतून, एका ताटलीत खाण्यातून. त्याला बाकीच्यांत ठेवता येत नाही. आमची आजाऱ्यांची खोली भरलीय. सध्या न्हाणीघरात पिंजऱ्यात आहे.”

“मग?”

“शनिवारपर्यंत कुणी नेलं नाही तर त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायचं ठरतंय. मला नको आहे, पण माझ्या एकटीच्या हातात नाही ते.”

“पण लपीला लागलं तर?”

“तेच सांगते. तिची तपासणी तेव्हा झाली नव्हती. तिच्यात विषाणू नसेल आणि तुम्ही याला आणलंत, तर आपल्याच हातानं तिला आजार दिल्यासारखं होईल. हे लपवून मला तो कुणाच्या गळ्यात बांधायचा नाही. पण एक आहे. इथे होती तेव्हा ती फक्त त्याच्या अंगावर डोकं ठेवूनच खायची. काल तुम्ही फोनवर म्हणालात ती खात नाही, म्हणून कळवलं.”

कवळीवाल्यानं फोन ठेवला. हे म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. त्याला बाईंना सांगायचंच नव्हतं, पण त्या मागे उभ्या होत्या.

“आणू नका,” त्या म्हणाल्या.

“मी काही बोललो का?”

“तुमच्या मनात आलं ते. आणू नका. किती जगतात अशी मांजरं?”

“मावशी म्हणाल्या, दोन वर्षं. कधी तीन. कधी काही महिनेच.”

“म्हणजे पुन्हा औषधं. पुन्हा वेळा. पुन्हा रोज सकाळी उठून आधी श्वास चालू आहे का बघायचं.” बाईंचा आवाज चढला नव्हता. फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावं तशा त्या बोलत होत्या. “माझ्यात तेवढं उरलेलं नाही हो. ही एक जगली तर जगली. ही गेली तर मला पुन्हा काही आणून देऊ नका.”

त्याचं धाबं दणाणलं ते या शेवटच्या वाक्यानं. लपी गेली तर बाई परत त्या रिकाम्या दिवसांत जातील आणि या वेळी बाहेर येणार नाहीत, एवढं त्याला कळत होतं. आणि कपाटामागचा तो पाच मुठींएवढा जीव दर तासाला हलका होत चालला होता.

दुसऱ्या दिवशी कवळी पोचवायला जातो असं सांगून तो निवाऱ्यात गेला. बाईंशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. चपला घालताना त्यानं डाव्या पायातली उजव्यात घातली, तरी त्यांनी काही विचारलं नाही.

न्हाणीघर थंड होतं. बादल्यांच्या शेजारी पिंजरा, त्यात लपीसारखाच राखाडी, पण दुप्पट डोक्याचा बोका. दार उघडताच तो कवळीवाल्याच्या बाहीवर चढला, खिशात नाक घातलं, मेणाचा वास घेऊन शिंकला आणि हनुवटीला टक्कर मारली. आजारी आहे असं सांगूनही कुणाचा विश्वास बसला नसता. मावशी त्याला दांडगोबा म्हणत.

“अंगात आजार आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही,” मावशी म्हणाल्या.

कवळीवाल्यानं त्याला परत पिंजऱ्यात ठेवायला चार वेळा प्रयत्न केला. नखं बाहीत अडकली होती. एक नख सोडवलं की दुसरं अडकायचं. शेवटी मावशींनीच बोक्याला सोडवून घेतलं. दार लावल्यावर आतून जो आवाज सुरू झाला तो रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

घरी आला तर बाई कपाटापाशी फरशीवर, मांडीवर टॉवेल, टॉवेलात लपी. पिचकारीतलं सगळं लपीच्या छातीवर ओघळलेलं.

“तोंडच उघडत नाही,” बाई म्हणाल्या. “चावतही नाही आता.”

न चावणं हे चावण्यापेक्षा वाईट होतं. त्यानं तसंच टॉवेलासकट लपीला उचललं आणि दोघं डॉक्टरकडे गेले. वाटेत त्यानं सांगून टाकलं, “मी त्याला बघून आलो.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “बाहीला केस आहेत.”

डॉक्टरनं सलाईन लावलं, आणि कवळीवाल्यानं भावाची सगळी हकिगत सांगितल्यावर म्हणाली, “आधी हिचं रक्त बघू. दहा मिनिटांत कळतं.” तिनं एका पट्टीवर रक्ताचे थेंब टाकले आणि आत गेली.

ती दहा मिनिटं दोघं बाकावर बसून होते. समोर एक म्हातारा पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन पेंगत होता. कवळीवाला मनात म्हणत होता, नसू दे, नसू दे. आणि लगेच त्याला दुसरंच वाटे, नसेल तर तो बोका मेला. असावा असंही म्हणवेना. कुठल्याही बाजूनं मागितलं तरी कुणाचा तरी जीवच मागितल्यासारखं होत होतं. त्यानं मग मागायचंच सोडलं आणि पोपटाच्या पिंजऱ्याच्या गजांकडे बघत बसला.

डॉक्टर बाहेर आली ती पट्टी हातात घेऊनच. तिच्यावर दोन रेघा होत्या. “आहे. आईकडूनच आलेलं असणार दोघांना. म्हणून ताप, म्हणून खाणं गेलं.” मग ती म्हणाली, “या वेळेला ही सावरूही शकते. पण पुढचं मी काही कबूल करणार नाही.”

कवळीवाल्यानं मान हलवली. बाई मात्र उठल्या, पट्टी हातात घेऊन जवळून पाहिली, आपण तपासलेल्या पेपरात चूक राहिली आहे का बघावं तशी. मग त्या रस्त्यावर आल्या आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. तो शेजारी बसला.

बाई म्हणाल्या, “तो न्हाणीघरात आहे ना?”

“हो.”

“ओरडत असेल.”

“हो.”

मुलगी गेली तेव्हा ती काचेपलीकडच्या खोलीत होती. आदले दोन दिवस दोघं इस्पितळातच होते. ‘घरी जाऊन आंघोळ करून या, सध्या ठीक आहे,’ असं सांगितलं, म्हणून दोघं घरी आले, आणि तेवढ्यात ती गेली. ती शेवटी एकटी होती, हे दोघांनीही आजवर तोंडातून काढलं नव्हतं.

“मला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही फोन माझ्या कानावर पडू द्यायला नको होता. आता कळलंय. आता त्याला तिथे कसं मरू देऊ?” त्या रडत होत्या, पण आवाज सरळ होता. “जा, घेऊन या. मी हिच्यापाशी थांबते. पण एक सांगते, मी कोसळले तर तुम्ही बघायचं. मला धीर धरायला सांगायचं नाही.”

“नाही सांगणार.”

शुक्रवारी संध्याकाळी दांडगोबा घरी आला, आणि दोघांनी जे चित्र मनात धरलं होतं तसं काहीच झालं नाही. लपीनं त्याला ओळखलं नाही. कपाटामागून तिनं असा फुत्कार सोडला, की एवढ्याशा अंगात तो राहिला कुठे याचंच नवल वाटावं. दांडगोबानं दोन पावलं मागे घेतली, मग तिच्यासाठी ठेवलेली ताटली चाटूनपुसून साफ केली आणि बाईंच्या चपलेवर झोपून गेला.

शनिवारभर तेच. तो जवळ गेला की फुत्कार, तो लांब गेला की शांतता. पिचकारीनं जे जायचं तेवढंच लपीच्या पोटात जात होतं. कवळीवाल्यानं त्या दिवशी एका कवळीत खालचे दात वर बसवले, सगळं मेण वितळवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि अर्ध्यातच डोकं टेबलावर टेकून बसला. आगीतून फुफाट्यात, एवढंच त्याच्या मनात येत होतं. एक मरणारं होतं, आता दोन. आणि हे आपण पायानं चालत जाऊन आणलं.

रविवारी सकाळी दांडगोबा पायात पायात यायला लागला, म्हणून कवळीवाल्यानं त्याला कार्यशाळेत घेऊन दार लावून घेतलं. तासाभरानं बाईंची हाक आली.

“अहो, बोक्याला आत का सोडलंत? त्यानं तिची ताटली परत संपवली.”

“तो इथे आहे,” कवळीवाला आतून म्हणाला. “माझ्या मांडीवर.”

त्यानं दार उघडलं. बाई ताटली दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. ताटलीला कडेनं थोडं लागलेलं होतं, मधलं सगळं गेलेलं. दोघांनी वाकून कपाटामागे पाहिलं. लपी मिशा चाटत होती. तिनं त्या दोघांकडे पाहिलं, आणि त्यांच्या पायांमधून डोकं घालणाऱ्या दांडगोबाकडे पाहून पुन्हा फुत्कारली, पण आधीपेक्षा बारीक. वास मात्र ताटलीला त्याचाच होता. सकाळी त्यानं ती चाटून ठेवली होती, आणि बाईंनी न धुताच तिच्यात वाढलं होतं.

त्यानंतर बाईंनी लपीची ताटली आधी त्याच्यापुढे धरायची असा नेमच केला. आठवड्यानं लपी त्याच्यापासून हातभर अंतरावर जेवायला लागली. तीन आठवड्यांनी अंतर राहिलं नाही.

दांडगोबा अकरा महिने जगला. नऊ महिने त्यानं घर डोक्यावर घेतलं, दोनदा मेणातले दात पळवले. मग त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. भिंतीवर वेळांचा कागद लागला, बाईंच्या अक्षरात. तोपर्यंत त्या अर्ध्या दिवसापुरत्या शाळेत जाऊ लागल्या होत्या, शेवटच्या आठवड्यात त्यांनी रजा घेतली. एका दुपारी तो बाईंच्या मांडीवर गेला. कवळीवाला शेजारी होता, हातांना प्लास्टर तसंच. बाई त्या दिवशी कोसळल्या, आणि त्यानं धीर धरायला सांगितलं नाही. दोघं मिळून खूप रडले, काही मांजरासाठी, बरंचसं नाही.

लपी अजून आहे. वजन घटलंय, ताप येऊन जातो. कपाटामागची जागा तिनं सोडली आणि कार्यशाळेत, साच्यांच्या फळीवर येऊन बसायला लागली. चाक सुरू झालं की पळते, थांबलं की येते. म्हणून कवळीवाला दुपारी काही वेळ चाक बंद ठेवतो. हातानं करायची कामं तेवढ्यात उरकतो. बाई शाळेतून येईपर्यंत दोघं तशीच असतात, तो मेणात दात बसवत आणि ती त्याच्या हातांकडे बघत.