मोजापडीतला उजवा मोजा

मित्रांनो, उजव्या हाताचा एक जुना चामडी हातमोजा तुमच्याशी बोलतो आहे. माझा डावा जोडीदार केव्हाच हरवला. तो कुठे राहिला ते मला ठाऊक नाही, आणि आता त्याचे विशेष काही वाटतही नाही. चामड्याला जे काय दुखायचे असते, ते शिवण्याआधीच दुखून झालेले असते.

मला शिवले ते पट्टे आणि पिशव्या करणाऱ्या एका कारागिराने. त्याच्या दुकानात एक उंच, सडपातळ माणूस आला आणि कागदावर पंजा पसरून उभा राहिला. कारागिराने पंजाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली, त्या रेघेवरून चामडे कापले आणि दुहेरी दोऱ्याने शिवले. बोटांच्या पाठीला आतून जाड अस्तर घातले, कारण तो माणूस तलवारबाजी शिकवत असे. आजच्या सामन्यांतली नव्हे, जुनी. कित्येक शतकांपूर्वीच्या पुस्तकांत तलवार धरून उभ्या असलेल्या माणसांची चित्रे असतात. ती पाहून पाहून त्याने ती विद्या अंगात बसवली होती. त्याला सगळे वस्ताद म्हणत.

वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली यंत्रे चालू असली की वरची लाकडी जमीन थरथरत असे. भिंतीशी बोथट तलवारी ओळीने टेकवलेल्या असत, पण आल्या आल्या त्यांना हात लावायचा नाही असा नियम होता. पहिला अर्धा तास अंग गरम करण्याचा. "थंड अंगाने धरलेली तलवार दुसऱ्याची वाटते," असे वस्ताद म्हणत.

आधी सगळे खोलीभोवती पळत, मग खेळ सुरू होत. एका खेळात सगळे गोल करून आपापली काठी जमिनीवर उभी धरत. वस्तादांनी टाळी वाजवली की काठी तशीच सोडून शेजारच्याची काठी पडायच्या आत पकडायची. दुसऱ्या खेळात समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या गुडघ्याला हात लावायचा आणि आपला गुडघा वाचवायचा. मोठमोठी माणसेही त्यात लहान पोरांसारखी ओरडत.

पण सगळ्यांचा लाडका खेळ मोजापडी, आणि त्यात मी होतो. वस्ताद मला दोन बोटांत धरून हात खांद्याइतका वर उचलत. समोर तीन पावलांवर शिकणारा गुडघे वाकवून उभा असे. वस्ताद मला सोडत. मी जमिनीला लागायच्या आत त्याने झेप घेऊन मला पकडायचे. मी हजारो वेळा पडलो असेन. पकडला गेलो की टाळ्या मिळत. जमिनीवर आपटलो की "अरेरे" ऐकू येई. दोन्हीची मला सवय झाली.

मला शिवणाऱ्या कारागिराची मुलगीही या वर्गात येऊ लागली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मी पडायच्या आधीच ती झेप घेत असे, म्हणून वस्तादांनी तिचे नाव ठेवले घाई.

"अगं, पडू तर दे त्याला," वस्ताद म्हणत.

"मला आधीच कळतं," ती सांगे. "सोडायच्या आधी तुमचा खांदा हलतो."

वस्ताद हसत, खांदा आवरायचा प्रयत्न करत, आणि तरी ती मला पकडत असे. दोन वर्षांत तिच्याइतके मला कोणीच पकडले नाही.

मग एके दिवशी वस्तादांच्या बोटांतून मी पडलो आणि घाई जागची हललीच नाही.

"आज चोरून सोडलात," ती म्हणाली. "खांदा हललाच नाही."

"नवी युक्ती आहे," वस्ताद म्हणाले.

ती युक्ती नव्हती. त्यांनी मला सोडलेच नव्हते, मी निसटलो होतो. आणि ते त्यांना मी जमिनीवर आपटल्याचा आवाज आल्यावर कळले होते.

त्यानंतर असे वरचेवर होऊ लागले. कधी मी निसटत असे. कधी सोडायचे ठरवूनही बोटे उघडत नसत, आणि समोरचा शिकणारा नुसता ताटकळत राही. वस्ताद मला हातात घालत तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट एकाच खोळीत शिरे. तसाच हात घेऊन ते पाचदहा मिनिटे शिकवत. नजर गेली की मग बोटे नीट घालत. मुले समजत, वस्ताद गंमत करतात. मुले हसली की वस्तादही हसत. मी आत होतो, मला सगळे कळत होते. पण मोज्याने सांगायचे कोणाला?

असे वर्षभर चालले.

त्या दिवशी हात टिपायचा खेळ होता. वस्ताद मला घालून हात पुढे करत, शिकणारा काठीचे टोक मला लावायला धावून येई, आणि अगदी शेवटच्या क्षणी वस्ताद हात मागे घेत. घाईची पाळी आली. ती नेहमीसारखी पूर्ण वेगाने आली. वस्ताद हात मागे घेतील याची तिला खात्री होती. हात मागे गेला नाही. काठी बोटांवर बसली आणि माझ्या आत काहीतरी कट्कन मोडले.

"छान," वस्ताद म्हणाले. "चला, पुढचा."

पुढे अकराजण आले. अकराही वेळा वस्तादांनी तोच हात पुढे केला.

वर्ग संपल्यावर घाई काठ्या गोळा करत होती. वस्तादांनी मला ओढून काढले. त्यांचे मधले बोट भलत्याच बाजूला वळले होते आणि सुजून निळे पडले होते. घाईच्या हातातल्या काठ्या तशाच राहिल्या.

"वस्ताद, बोट."

त्यांनी पाहिले. दुसऱ्या कोणाचे बोट पाहावे तसे पाहिले.

"दुखत नाहीये?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"वर्ष झालं," वस्ताद म्हणाले, "या हाताला काहीच कळत नाही."

घाईने काठ्या कोपऱ्यात ठेवल्या, चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली. ती पुन्हा आली नाही. वस्तादांचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि वर्ग बंद झाला. मला कोणीतरी खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवले. खिडकी नीट लागत नव्हती. ओल आली, मग ऊन आले, मग पुन्हा ओल. माझ्यावर पांढरट बुरशी धरली आणि मी लाकडासारखा कडक झालो. खाली यंत्रे चालत, खाली माणसे बोलत. मला त्याचे सुखही नव्हते आणि दुःखही नव्हते.

पाच महिन्यांनी वस्ताद आले. मला खिळ्यावरून काढले, ते डाव्या हाताने. पिशवीत घातले आणि कारागिराच्या दुकानात नेले.

"हा जरा मऊ करून मिळेल का?" त्यांनी विचारले.

कारागिराने मला उलटासुलटा केला. "तेल पाजावं लागेल. शिवण शाबूत आहे." मग तो म्हणाला, "वस्ताद, तुम्ही मोज्यासाठी आला नाहीत."

"नाही."

"आत आहे ती. तुम्हाला भेटून ये म्हटलं, तर माझं ऐकत नाही. तुम्ही बोलून बघा."

घाई आतल्या बाजूला पट्ट्यांना भोके पाडत बसली होती. तिने वर पाहिले नाही. वस्ताद तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबलीये," ते म्हणाले. "वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं, म्हणाले. तू मोडलंस ते बोट, आणि ते आता जुळलंय. हात आधीच गेला होता. त्यात तुझा काही दोष नाही."

"ते मला ठाऊक आहे."

"मग मला भेटायला का आली नाहीस?"

घाईने हातोडी खाली ठेवली. "तुम्ही 'छान' म्हणालात. मी तुमचं बोट मोडलं आणि तुम्ही 'छान' म्हणालात. वर्षभर आम्ही हसत होतो, आणि तुम्ही आम्हाला हसू दिलंत."

बाहेर, उघड्या दाराशी, कारागीर माझ्यावर तेल चोळत होता. त्याचा हात थांबला.

"शिकवणं बंद होईल याची भीती वाटली," शेवटी वस्ताद म्हणाले. "म्हणून कोणाला बोललो नाही. तुझ्यासमोर खोटं बोललो, ते चुकलं माझं."

घाईने पुन्हा हातोडी उचलली आणि उरलेली भोके पाडून संपवली. मग विचारले, "वर्ग कधीपासून?"

"मला मोजा सोडता येत नाही. कोणीतरी सोडणारं हवं."

पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू झाला. मी तेल पिऊन मऊ झालो होतो, पण घाईने मला लगेच हातात घेतले नाही. तिने आधी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. "आज नवीन खेळ," ती म्हणाली. "एकाने डोळे मिटून दोन्ही हात पुढे करायचे. दुसऱ्याने कुठल्याही एका बोटाला हलकेच हात लावायचा. कुठलं बोट, ते मिटल्या डोळ्यांनी सांगायचं."

मुलांना खेळ फारच सोपा वाटला. अंगठा, करंगळी, तर्जनी अशी उत्तरे भराभर येऊ लागली. शेवटच्या जोडीत वस्ताद होते. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे केले. समोर स्वतः घाई होती. डाव्या हाताची बोटे त्यांनी बरोबर सांगितली. मग तिने त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट धरले, हलकेच नव्हे, चांगले घट्ट. खालची यंत्रे तेवढी ऐकू येत होती.

"कुठलं?" तिने विचारले.

"माहीत नाही," वस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "लावलास का हात?"

"लावलाय."

"मला कळलं नाही."

कोणी हसले नाही. घाई म्हणाली, "ठीक आहे. आता डोळे उघडा." आणि तिने पुढच्या खेळासाठी सगळ्यांना ओळीत उभे केले.

मित्रांनो, आता मी वर्गातल्या एका पेटीत राहतो. महिन्यातून एकदा मला तेल मिळते आणि आठवड्यातून तीनदा मी पडतो. माझे एवढेच मागणे आहे. चामड्याच्या वस्तूला ओलीत टाकू नका, वापरून झाली की पुसून ठेवा. आणि तुमच्या स्वतःच्या हाताला काही कळेनासे झाले, तर तो मोज्यात लपवू नका. आम्हाला आतले सगळे कळते, पण आम्ही कोणाला सांगू शकत नाही. ते तुम्हालाच सांगावे लागेल.